अब्बांचं शेड कार्ड आणि रक्तातले दहा रंग

गेल्या पावसाळ्यात माझ्या सहावीतल्या एका मुलीची आई मधल्या सुट्टीत शाळेत आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत हॉस्पिटलची फाइल. भायखळ्याच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. पालक कागद घेऊन येतात ते बहुधा रेशन कार्डाचे, शिष्यवृत्तीचे, कधी कोर्टाच्या नोटिशीचे. टीचरला मराठी येतं, थोडं इंग्रजी येतं, एवढा त्यांचा भरवसा असतो.

हा कागद वेगळा होता. मुलीला महिनाभर ताप होता, अंगावर निळे डाग उठत होते. परळच्या एका हॉस्पिटलात तिच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तपासली, आणि रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आईला बसवून सगळं सांगितलं होतं. उपचार आहे, लहान मुलांत बहुतेक वेळा गुण येतो, हेही सांगितलं होतं. पण तिचं मन रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर अडकलं होतं. त्यावर चौकोनी चौकटींत ठिपक्यांचे ढग छापले होते, लाल, हिरवे, निळे. चौकटींच्या कडेला सीडी १९, सीडी १०, सीडी ३४ अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे आणखी काही आडनावांसारखी अक्षरं : एफआयटीसी, पीई, पीई-सीवाय७.

“टीचर, ये रंग काहे के हैं? मेरी बच्ची के खून में रंग डाला क्या?”

मी म्हटलं, नाही हो, तपासणीचं काहीतरी असेल. म्हणजे मलाही माहीत नव्हतं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसलं. बीएडला आम्हाला शिकवलं होतं की उत्तर येत नसेल तर ‘उद्या पाहून सांगते’ म्हणावं. वर्गात मी तसं म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही, याची लाज वाटली आणि मी वाचायला बसले.

घरी आल्यावर ती गोष्ट अब्बांना सांगितली. अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. रिपोर्टचा फोटो माझ्या फोनवर होता, आईच्या परवानगीनं काढलेला, नाव झाकून. अब्बांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला. घरात आम्ही उर्दू बोलतो, इथे मराठीत लिहिते.

“किती रंग आहेत?”

“दहा.”

“एकाच भांड्यात?”

“हो, एकाच नळीत.”

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दहा रंग एका भांड्यात टाकले तर मातीचा रंग येतो. मग मास्तर ते वेगळे कसे ओळखतो?”

हा प्रश्न इतर कुणी विचारला असता तर मी विसरूनही गेले असते. अब्बांनी विचारला म्हणून राहिला. कारण रंग वेगळे ओळखणं हाच त्यांचा धंदा होता.

अब्बा १९६० च्या दशकात भायखळ्याच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर तिथेच होते. साचेखात्यातले लोक कापसाच्या धुळीनं खोकायचे. अब्बा रंगखात्यात होते, त्यांची नखं निळी असायची. आमच्या लहानपणी त्यांच्या हाताला कधी हळदीसारखा, कधी डाळिंबासारखा रंग असे. त्यावरून आम्ही ओळखायचो की गिरणीत कोणता माल चालू आहे. रंगखात्यात जिगर नावाचं एक यंत्र असतं. उर्दूतल्या काळजाशी त्याचा काही संबंध नाही. दोन रुळांवरून कापड रंगाच्या कुंडातून मागेपुढे फिरवायचं ते यंत्र. वाफ, सोड्याचा वास आणि पायाखाली कायम पाणी.

पण खरं काम खिडकीपाशी चाले. बाहेरून व्यापाऱ्याचा नमुना यायचा, बोटभर चिंधी. तसाच रंग हजारो वार कापडावर उतरवायचा. रंगाच्या कंपन्यांनी दिलेली शेड कार्डं असत : जाड पुठ्ठ्यावर चिंध्या चिकटवलेल्या, प्रत्येक रंग एकटा, फिक्यापासून गडदपर्यंत. अब्बांना ती कार्डं तोंडपाठ होती. चिंधी घेऊन ते खिडकीशी जायचे आणि सांगायचे, पिवळा इतका, निळा इतका, लाल नावापुरता. मग छोट्या भांड्यात वानगी रंगवायची, वाळवायची (ओला रंग फसवतो), पुन्हा खिडकी. पदविका घेतलेला माणूस ‘कलर मास्तर’ म्हणून पगार घ्यायचा. अब्बा कागदावर शेवटपर्यंत कामगार राहिले. मास्तर नमुना घेऊन त्यांच्याकडे यायचा तो भाग कागदावर नव्हता.

खिडकीच का? अब्बा म्हणायचे, ट्यूबलाइटमध्ये दोन तुकडे सख्खे भाऊ वाटतात, उन्हात गेले की ओळखही दाखवत नाहीत. दुकानात जुळलेला ब्लाऊजपीस घरी आल्यावर साडीशी भांडतो, तसं. याचं कारण मला आता कळलं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. वस्तूवरून आलेला सगळा प्रकाश, त्यातल्या सगळ्या लहरी, डोळा फक्त तीन आकड्यांत नोंदवतो. दोन वेगळ्या मिश्रणांचे तीन आकडे योगायोगानं सारखे आले की डोळा फसतो. उजेड बदलला की आकडे बदलतात आणि चोरी पकडली जाते. अब्बा उजेड बदलून चोरी पकडत होते.

आता फ्लुरोसंट रंगांकडे येते. हा शब्द ऐकून वाटतं की हे काही परकं प्रयोगशाळेतलं प्रकरण आहे. मुंबईतल्या घराघरात ते पन्नास वर्षं मुक्कामाला होतं, त्याचं नाव टिनोपाल. जुम्म्याचा पांढरा कुर्ता अम्मी आधी निळीत बुडवायची. पुढे टिनोपाल आलं. नीळ कापडाचा पिवळेपणा फक्त झाकते. टिनोपालची चाल वेगळी आहे. उन्हातला जो अतिनील प्रकाश डोळ्याला दिसत नाही तो ते शोषून घेतं आणि निळसर प्रकाश बनवून परत देतं. त्यामुळे कुर्ता खरोखरच जास्त उजेड बाहेर टाकतो. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि कमी ताकदीचा, दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत करायचा, यालाच फ्लुरोसंट म्हणतात. ईदच्या नमाजात ओळीनं बसलेले ते लखलखते कुर्ते म्हणजे एक मोठा रसायनशास्त्राचा प्रयोगच होता, फक्त कुणाला ठाऊक नव्हतं.

हे नाव १८५२ साली इंग्लंडच्या जॉर्ज स्टोक्स यांनी दिलं. ज्या द्रवात त्यांना हा प्रकार दिसला त्यांत एक होता क्विनाइनचा, म्हणजे मलेरियाच्या कडू औषधाचा. चारच वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनचा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन तेच क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवायला निघाला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग, डांबरापासून बनलेला पहिला कृत्रिम रंग जो बाजारात चालला. औषध शोधताना रंग सापडला. पुढची पंचवीस वर्षं जर्मनीतल्या कारखान्यांनी रंगांचा सपाटा लावला. मंजिष्ठ आणि आल यांच्या मुळांतून जो लाल निघत असे त्याची जागा १८६९ नंतर कारखान्यातल्या ॲलिझरिननं घेतली. १८९७ पासून कृत्रिम नीळ विकायला आली आणि हिंदुस्तानच्या निळीचा व्यापार बसला. रंगरेजांच्या घरात बापानं मुलाच्या कानात सांगायची तुरटीची आणि मुळांची मापं होती, ती एका पिढीत निरुपयोगी झाली. पुडी उघडा, पाण्यात टाका. यावर वेगळा लेख लिहायला हवा.

१८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसिन बनवलं. निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं, इतकं की चिमूटभर पूड बादलीभर पाण्याला पुरते. कापडाच्या दृष्टीनं मात्र ते कुचकामी, धुतलं की गेलं. त्यात ब्रोमिन घातल्यावर इओसिन झालं, गुलाबी-लाल. ग्रीकमधल्या पहाटेच्या नावावरून ते नाव ठेवलं; आपण म्हणू, फजरच्या आकाशाचा रंग. पॉल एर्लिख या तरुण जर्मन डॉक्टरनं हे गिरणीचे रंग रक्ताच्या थेंबावर टाकून पाहिले आणि त्याला दिसलं की प्रत्येक पेशी प्रत्येक रंग घेत नाही. काही इओसिन ओढून घेतात, काही निळा. पेशींना आवडनिवड असते. आजही आपल्या मुलांच्या रक्ताच्या साध्या रिपोर्टात ‘इओसिनोफिल’ नावाची ओळ असते, दमा किंवा जंत असले की तो आकडा वाढतो. तो शब्द थेट रंगखात्यातून आलेला आहे : इओसिनवर प्रेम करणारी पेशी.

या रंगांची एक मोठी परीक्षा आमच्याच मोहल्ल्याच्या आसपास झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत कामाला लागले. प्लेगचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली तसा दिसत नाही. रंग दिला की त्याची दोन्ही टोकं गडद होतात आणि मध्य फिका राहतो, बंद केलेल्या सेफ्टी पिनसारखा. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा जवळपास निम्म्या कैद्यांनी लस घेतली. तरुण आगाखानांनी आपल्या खोजा जमातीपुढे स्वतः टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेसाठी जागा दिली. हे सगळं अभिमानानं सांगण्यासारखं आहे.

पण त्याच मोहल्ल्यात ९ मार्च १८९८ लाही काहीतरी घडलं. रिपन रोडवर, म्हणजे आजच्या मौलाना आझाद रोडवर, मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या वस्तीत प्लेगची तपासणी तुकडी आली आणि एका आजारी मुलीला घरातून हलवू लागली. घरच्यांनी अडवलं, गर्दी जमली, दंगल उसळली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. आमचे परदादा उत्तरेतून येऊन याच वस्तीत हातमाग टाकून बसलेले. घरात त्या दिवसाची काही आठवण उतरलेली नाही. मी ते पुस्तकात वाचलं. इंग्रजांच्या लेखी ते ‘अडाणी, धर्मांध विणकर’ होते. मला त्यात एक आई दिसते, जिच्या मुलीला कुठे नेताहेत आणि तिच्यावर काय करणार आहेत हे कुणी तिच्या भाषेत सांगितलेलं नव्हतं. ‘मेरी बच्ची के खून में रंग डाला क्या’ हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी विचारला असेल आणि त्याला उत्तर म्हणून शिपाई मिळाला असेल.

तर उत्तर असं आहे. रंग मुलीच्या अंगात टाकलेला नव्हता. मज्जेचा नमुना बाहेर काढल्यावर, काचेपलीकडे, नळीत टाकला होता. तिथे रंग पेशीला थेट लावत नाहीत. एर्लिखच्या काळी पेशीच्या आवडीवर विसंबावं लागे. १९४१ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी दुसरी वाट काढली : रंगाला अँटीबॉडीला बांधायचं. कोविडनंतर अँटीबॉडी शब्द सगळ्यांना कळतो. ती ठरावीक कुलपाचीच किल्ली असते. त्या किल्लीला रंगीत गोंडा बांधला की कुलूप कुठे आहे ते चमकून कळतं. एकाच कुलपाच्या हव्या तेवढ्या, अगदी एकसारख्या किल्ल्या बनवण्याची पद्धत केहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. पेशींवरच्या या कुलपांना क्रमांक दिले, तेच सीडी १९, सीडी १०. आणि रिपोर्टमधलं आडनाव, एफआयटीसी, म्हणजे आपलं १८७१ चं फ्लुरोसिन, अँटीबॉडीला चिकटण्यासाठी एक हूक लावलेलं.

मग त्या पेशी यंत्रातून धावतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जर्मनीत आणि स्टॅनफर्डला लेन हर्झनबर्ग यांच्या गटात अशी यंत्रं उभी राहिली. नमुन्याची बारीक धार आणि तिच्याभोवती खारट पाण्याची दुसरी धार. पेशी एकामागोमाग एक, तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिल्यासारख्या, लेझरच्या उजेडासमोरून जातात. सेकंदाला हजारो. प्रत्येक पेशी क्षणभर चमकते आणि यंत्र कोणता रंग किती चमकला ते टिपतं. रिपोर्टातला एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. त्या मुलीच्या त्या एका पानावर तिच्या हजारो पेशींची हजेरी लागलेली होती.

दहा रंग कशाला लागतात? कारण आजारी पेशी काही शिंगं लावून येत नाही. औषधानंतर मज्जा पुन्हा उगवू लागते तेव्हा लहान मुलांत निरोगी कोवळ्या पेशी भरपूर असतात आणि त्या कर्करोगाच्या पेशींसारख्याच दिसतात : त्यांच्यावरही सीडी १९ असतं, सीडी १० असतं. फरक असतो तो प्रमाणाचा, एखादं कुलूप जरा जास्त, एखादं जरा कमी. दहा हजार पेशींत एक उरली आहे का हे शोधायचं तर एकेका पेशीकडे एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलशी जोडलेल्या प्रयोगशाळांनी लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात नेमकं हेच, दहा आणि त्याहून जास्त रंगांचं काम करून दाखवलं आहे आणि जगभर ते वाचलं जातं.

इतके रंग आणायचे कुठून हा प्रश्न होताच. १९८२ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या संशोधकांनी समुद्रातल्या लाल शेवाळातलं एक प्रथिन वापरलं. शेवाळ त्याच्या मदतीनं खोल पाण्यातला मंद उजेड गोळा करतं. तेच पीई, फायकोएरिथ्रिन, केशरी चमकणारं आणि फार तेजस्वी. मग जोडरंग आले : पीईला सीवाय७ बांधायचं, पहिला उजेड घेतो आणि आपली कमाई दुसऱ्याला देतो, दुसरा तो डोळ्याला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या उजेडात बाहेर टाकतो. हे जोडरंग नाजूक. उजेडात उघडे राहिले तर जोडी तुटते आणि पहिला पुन्हा स्वतःच्या रंगात चमकू लागतो, खोटी साक्ष देतो. म्हणून त्यांच्या कुप्या अंधारात, थंडाव्यात ठेवतात. हे ऐकून अब्बा हसले. कच्चा रंग उन्हात ठेवू नये, हे काय शिकवायचं? २०१२ च्या सुमाराला विजेचं वहन करणाऱ्या प्लास्टिकच्या संशोधनातून, ज्याला २००० चं नोबेल मिळालं होतं, जांभळ्या लेझरवर चालणारे ‘ब्रिलियंट व्हायोलेट’ रंग आले.

आता अब्बांचा प्रश्न. रंग एकमेकांत मिसळतात, मग वेगळे कसे ओळखायचे? जुन्या पद्धतीत प्रत्येक रंगासमोर एक चष्मा आणि एक डोळा. हिरव्याच्या डोळ्यानं हिरवं पाहायचं, केशरीच्यानं केशरी. पण कुठलाच रंग आपल्या खोलीत गुमान बसत नाही. फ्लुरोसिनच्या हिरव्याची शेपटी केशरीच्या खोलीत जाते, चाळीत एकाकडे बोंबील तळले की चार घरांना कळतं तशी. मग हिशेब करून वजावट करायची. पाच-सहा, दहा रंगांपर्यंत हे निभतं, पुढे घोळ वाढतो.

नवी पद्धत, तिला स्पेक्ट्रल म्हणतात, उलट्या बाजूनं जाते. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात पॉल रॉबिन्सन यांच्या गटानं या शतकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला. इथे कुठल्याही रंगाला स्वतःचा डोळा नाही. पेशीतून आलेला सगळा उजेड, जांभळ्यापासून तांबड्यापलीकडेपर्यंत, बारीक तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा मोजतात. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या एका यंत्राच्या पाच लेझरच्या नमुन्यात असे चौसष्ट मोजणारे असतात. आपल्याला तीन, त्याला चौसष्ट. आधी प्रत्येक रंग एकटा यंत्राला दाखवतात आणि त्याची पूर्ण चाल नोंदवून ठेवतात. मग मिश्रण आलं की यंत्र गणित सोडवतं : या चाली कोणत्या प्रमाणात मिसळल्या तर हा उजेड बनेल? पेशीची स्वतःची एक फिकट चमक असते, तिलाही यंत्र एक रंग समजून बाजूला काढतं. डोळ्याला जवळजवळ सारखे वाटणारे दोन रंगही सुटे होतात, कारण शेपट्या वेगळ्या असतात. २०२० मध्ये चाळीस रंग एका नळीत वापरल्याचं संशोधन छापून आलं. आपल्याकडच्या काही संशोधन संस्थांतही ही यंत्रं आली आहेत. त्या मुलीची तपासणी मात्र जुन्याच पद्धतीची होती.

हे सगळं मी अब्बांना समजावलं, कागदावर डोंगर काढून. प्रत्येक रंगाचा एक डोंगर, सगळ्यांचा मिळून एक. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

“म्हणजे आधी एकेक रंगाचं शेड कार्ड बनवतात,” ते म्हणाले. “मग नमुना पाहून सांगतात, हा इतका, तो इतका.”

“हो.”

“मग हे तर आम्ही करत होतो.”

मी म्हटलं, अब्बा, तुम्ही तीन रंगांचं करायचा, हे चाळीस. ते म्हणाले, डोळे दोनच होते.

आमच्यात, म्हणजे आम्ही शिकलेल्या मुसलमानांत, एक खोड आहे. विज्ञानाचा विषय निघाला की आम्ही हजार वर्षं मागे उडी मारतो : इब्न अल-हैथम यांनी प्रकाशावर ग्रंथ लिहिला. लिहिलाच, आणि डोळ्यातून किरण निघत नाहीत, उजेड बाहेरून डोळ्यात येतो हे त्यांनी पटवून दिलं. शाळेच्या विज्ञान दिनाच्या फलकावर मीच त्यांचं नाव दरवर्षी सोनेरी अक्षरात लिहिते. पण त्याच फलकाखाली उभी असलेली मुलं रंगरेजांची, जुलाह्यांची नातवंडं आहेत आणि लग्नाच्या बोलणीत हे शब्द आजही आवाज खाली करून उच्चारले जातात. शेख-सय्यद म्हणवणारे नाक मुरडतात. बगदाद-काहिराचा वारसा सांगताना छाती फुगते आणि भायखळ्याच्या रंगखात्याचा सांगताना मान खाली जाते. माझी स्वतःचीही जात होती. डीएडच्या मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा मी ‘टेक्सटाइलमध्ये’ म्हणाले होते.

आणि रंगाची विद्या दूर कुठे नव्हतीच. भायखळ्याहून लोकलनं वीस मिनिटांवर माटुंग्याला यूडीसीटी आहे, आजची आयसीटी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठानं हा विभाग काढला तो गिरण्यांसाठी. कापडाचं रसायनशास्त्र हा पहिल्यापासूनचा विषय. १९३८ पासून तिथे के. वेंकटरामन संचालक होते; त्यांच्या ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’चे पहिले दोन खंड १९५२ मध्ये आले आणि जगभरच्या रंगशास्त्रज्ञांच्या टेबलावर गेले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आजही माटुंग्यात फ्लुरोसंट रंगांवर संशोधन चालतं, कापडापलीकडच्या उपयोगांसाठी. तरीही हॉस्पिटलांत वापरल्या जाणाऱ्या रंग बांधलेल्या बहुतेक अँटीबॉडी अजून परदेशातून येतात, आणि महाग असतात. पुडीवरचं जर्मन लेबल गेलं, कुपीवरचं अमेरिकन आलं.

एक गोष्ट टाळावीशी वाटते, पण टाळली तर हा लेख फक्त कौतुकाचा होईल. माझे धाकटे चाचा त्याच रंगखात्यात होते, रंगाच्या पुड्या वजन करायला. हातमोजे नव्हते, तोंडावर रुमाल. संपानंतर काही वर्षांनी त्यांना लघवीतून रक्त जाऊ लागलं. मूत्राशयाचा कर्करोग निघाला. १८९५ मध्येच फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या मजुरांत हाच आजार नोंदवला होता. बेंझिडीनपासून बनलेल्या रंगांवर आपल्याकडे बंदी आली ती १९९० च्या दशकात. चाचांना कशानं झालं हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. ते विड्याही ओढायचे. पण ‘तू काय काय हाताळायचास’ हा प्रश्न त्यांना ना गिरणीनं विचारला ना डॉक्टरनं. क्षयाचे जंतू शोधायला आज दवाखान्यांत थुंकीवर ऑरामाइन टाकतात, फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पिवळे चमकतात. चाचा ऑरामाइनच्या पुड्याही वजन करत, कागद-गोणपाटाचा स्वस्त पिवळा म्हणून. त्याच्या डब्यावरचं झाकण नीट लागत नसे, असं अब्बा सांगतात.

मुलीच्या आईला मी पुढच्या आठवड्यात घरी बोलावलं. अब्बाही बसले. मी डोंगर काढले, किल्ली आणि गोंडा सांगितला. अब्बांनी मध्येच कपाटातून त्यांचं एक जुनं शेड कार्ड काढलं, कडा उंदरानं खाल्लेलं, आणि तिच्यापुढे ठेवलं. ती त्यातल्या चिंध्यांवरून बोट फिरवत राहिली. “तो रंग बाहर डाला,” ती दोनदा म्हणाली. “बच्ची को नहीं लगा.” नाही लागला, अब्बा म्हणाले.

पहिल्या टप्प्याच्या औषधांनंतर पुन्हा मज्जा तपासली. तो रिपोर्ट घेऊन ती सरळ आमच्याच घरी आली. या वेळी तिनं दुसरं पान आधी उघडलं आणि ज्या चौकटीत मागच्या वेळी लाल ठिपक्यांचा ढग होता तिथे बोट ठेवलं. चौकट जवळजवळ रिकामी होती. खाली लिहिलेलं वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवलं, एकदा इंग्रजीत, एकदा उर्दूत. उपचार अजून दोन वर्षं चालायचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी आठवड्यातून दोन दिवस वर्गात येऊ लागली, डोक्याला अम्मीची ओढणी गुंडाळून. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं की बुडालेले मराठीचे धडे कुणाच्या वहीतून उतरवून घेऊ.